लुटुपुटूचे आणि खरे : छळ सोसलेल्या मुलांच्या खेळातील भाषेविषयी

मराठी मुले 'शाळा-शाळा', 'घर-घर' किंवा 'डॉक्टर-डॉक्टर' खेळतात तेव्हा त्या नावांतील द्विरुक्ती निरर्थक नसते. 'शाळा' ही सकाळी दप्तर घेऊन जावयाची जागा होय. 'शाळा-शाळा' हा ओट्यावर मांडलेला डाव होय. 'खोटं रडणे' यात लबाडीचा आरोप आहे, 'खोटं-खोटं रडणे' यात तो नाही. 'लुटुपुटूची लढाई' या शब्दप्रयोगातही नादाची हीच युक्ती आढळते. लहान मुलाला व्याकरण कळू लागण्याच्या कितीतरी आधी भाषेने त्याच्या हाती एक रेषा आखून देण्याचे साधन ठेवलेले असते. त्या रेषेच्या आत दिलेला धपाटा हा मार नव्हे, आत शिजलेला भात हा भात नव्हे, आणि आत मेलेला माणूस संध्याकाळी उठून आपल्या घरी जेवावयास जातो.

प्रस्तुत विवेचनाचा विषय ज्यांना ही रेषा आखता येत नाही, किंवा आखली तरी टिकविता येत नाही, अशी मुले हा आहे. मोठ्या माणसांकडून मारहाण, लैंगिक अत्याचार, किंवा दीर्घकाळची हेळसांड ज्यांनी सोसली आहे अशा मुलांच्या खेळाविषयी मनोविश्लेषकांनी व बालमानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या खेळाच्या भाषेकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. मराठी भाषेची घडण पाहता हे दुर्लक्ष परवडण्याजोगे नाही. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) जिल्ह्यासारख्या ठिकाणी जे विद्यार्थी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन लोकभाषेचे नमुने गोळा करावयास जातात, त्यांच्या कानांवर मुलांचा खेळ हटकून पडतो. तो कसा ऐकावा हा प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाही.

प्रथम रेषेविषयी. ग्रेगरी बेटसन यांनी १९५२ साली सान फ्रान्सिस्को येथील प्राणिसंग्रहालयात दोन माकडांची पिले एकमेकांशी झोंबताना पाहिली. ती लढत नव्हती हे पाहणाऱ्यालाही कळत होते, आणि मुख्य म्हणजे त्या पिलांनाही कळत होते. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात बेटसन यांनी यावरून असे प्रतिपादन केले की, 'हा खेळ आहे' हा संदेश खेळातल्या प्रत्येक कृतीसोबत सतत पाठविला जात असतो; लटका चावा हा चाव्याचे चिन्ह असतो, परंतु चाव्याने जे सूचित झाले असते ते त्याने सूचित होत नाही. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला या विधानाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. एक पदर मात्र ध्यानात ठेवावा. हा संदेश एकट्याने पाठवून भागत नाही. दुसऱ्याने तो स्वीकारावा लागतो, आणि स्वीकारण्यासाठी उगारलेला हात खाली येईलच असे नाही, हा अनुभव पूर्वी गाठीशी असावा लागतो. ज्या घरात उगारलेला हात नेहमीच खाली येतो त्या घरातील मुलाने हा संदेश कोठे शिकावा?

मराठी खेळांत या रेषेची राखण करणारे एक लहानसे विधिशास्त्रच आहे. ज्याच्यावर 'राज्य' येते तो खरे पाहता सर्वांत अडचणीत असतो. सर्वांच्या मागे धावण्याचे ओझे त्याच्यावर पडते, आणि हा शब्दार्थाचा उफराटेपणा मुले बिनतक्रार मान्य करतात. लहानग्याला 'कच्चं लिंबू' म्हणून घेतले म्हणजे तो बाद होत नाही. चप्पल तुटली, तहान लागली, रडू आले, तर 'टाइम्प्लीज' म्हणावे; त्या इंग्रजी शब्दांचा मूळ अर्थ मुलांना ठाऊक नसतो, पण तो उच्चारताच पकडणाऱ्याचा हात थांबला पाहिजे हे पक्के ठाऊक असते. जो थांबत नाही त्याचा 'रडीचा डाव' ठरतो व त्याला पुढच्या वेळी कोणी घेत नाही. थोडक्यात, खेळातून बाहेर पडण्याचा हक्क हा खेळाचा अंगभूत भाग असतो. छळाचे लक्षण याच्या नेमके उलट आहे. तेथे टाइम्प्लीज चालत नाही.

याहून बिकट गोष्ट अशी की, लहान मुलांवर अत्याचार करणारा माणूस पुष्कळदा खेळाचीच भाषा उसनी घेतो. 'आपण एक गंमत करू', 'हा आपला दोघांचाच खेळ', 'कुणाला सांगायचं नाही हं' अशा प्रकारची वाक्ये या विषयात काम करणाऱ्यांना चांगली परिचयाची आहेत. 'हं' हा अव्यय मराठीत प्रेमाने बजावण्यासाठी येतो. भातुकलीत 'मी आता आई झाले हं' असे म्हणून मूल ज्या अव्ययाने रेषा आखते, तोच येथे मुलाचे तोंड बंद करण्यासाठी वापरला जातो. मुलाच्या दृष्टीने मग 'खेळ' या शब्दाचाच भरवसा नाहीसा होतो. पुढे एखाद्या शिक्षिकेने अतिशय सद्भावनेने 'चल, आपण एक खेळ खेळू' असे म्हटले असता एखादे मूल आक्रसून भिंतीशी जाते, तेव्हा ते हट्टी आहे असा शेरा मारण्यापूर्वी ही शक्यता मनात यावयास हवी. ती शक्यता आहे, निष्कर्ष नव्हे. हा भेद पुढेही अनेकदा लक्षात आणावा लागेल.

दुःखाची खेळात पुनरावृत्ती होते हे निरीक्षण जुनेच आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२० साली आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ वर्णिला आहे. आई घराबाहेर गेली की तो दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगाच्या कडेपलीकडे फेकी आणि ओढून परत आणी. फेकताना तो एक दीर्घ 'ओ' काढी. तो 'गेले' या अर्थाच्या जर्मन शब्दाचा बालोच्चार होय असे मुलाच्या आईने व आजोबांनी मिळून ठरविले. भाषाभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे: मानसशास्त्रातील हा सुप्रसिद्ध खेळ एका स्वरावर उभा आहे, आणि त्या स्वराचा अर्थ घरच्या वडीलधाऱ्यांनी लावलेला आहे. अर्थ बरोबरही असेल. परंतु मुलाच्या खेळाचे वाचन मोठ्यांच्या वाचनावाचून होत नाही, ही अडचण या शास्त्राच्या आरंभापासूनची आहे.

त्या नातवाचा खेळ निरोगी होता. आईचे जाणे त्याने आपल्या हातात घेतले आणि तो शांत झाला. लिनोर टेर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९८१ साली ज्या खेळाचे वर्णन केले त्यात ही शांती आढळत नाही. कॅलिफोर्नियातील चाउचिला या गावी जुलै १९७६ मध्ये शाळेच्या बसमधील २६ मुले व चालक यांना पळवून नेऊन जमिनीत पुरलेल्या एका वाहनात कोंडण्यात आले होते. सर्वजण जिवंत बाहेर आले. टेर यांनी त्या मुलांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना दिसलेला आघातोत्तर खेळ एकसुरी होता. त्यात तेच प्रसंग त्याच क्रमाने येत, कल्पनेची भर पडत नसे, खेळून झाल्यावर भीती कमी होण्याऐवजी कधीकधी वाढलेली असे, आणि खेळाचा मूळ घटनेशी असलेला संबंध बहुधा मुलालाच ठाऊक नसे. आणखी एक बारकावा त्यांनी नोंदविला, तो असा की हा खेळ संसर्गजन्य असतो. ज्यांना आघात झालेला नाही अशी भावंडे व सवंगडी त्यात ओढले जातात. एका मुलाच्या खेळावरून त्याच मुलाविषयी अनुमान काढणे किती धोक्याचे आहे हे या एकाच निरीक्षणावरून कळून यावे. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली याच्या दुसऱ्या टोकाचे वर्णन केले होते: खेळता खेळता भीती अनावर झाली की मूल डाव एकाएकी मोडते, खेळणी टाकून उठते. मराठीत 'डाव मोडणे' म्हणतात तेच हे. मात्र येथे भांडण झालेले नसते आणि कोणी चिडलेलेही नसते.

आता मराठीच्या घडणीकडे वळू. कल्पित खेळात मुले दोन प्रकारची वाक्ये बोलतात. एक पात्रांची: 'बाळ, दूध पी.' दुसरी सूत्रधाराची: 'तू आजारी असतेस. मग मी येतो. मग तू डोळे उघडतेस.' सूत्रधाराच्या या वाक्यांत इंग्रजी मुले अनेकदा भूतकाळ वापरतात, इटालियन मुले अपूर्ण भूतकाळ. मराठी मूल बहुधा 'असतो, येतो, करतो' ही रूपे वापरते, जी चित्रपटाची किंवा स्वप्नाची गोष्ट सांगतानाही येतात. हीच रूपे मराठीत रीतिदर्शकही आहेत. 'तो रोज येतो, दार लावतो' यात नित्य घडणाऱ्या खऱ्या गोष्टीचे कथन असते. म्हणजे बाहुली हातात घेतलेल्या मुलीने 'मग तो दार लावतो' असे म्हटले तर ती डावाची पुढची पायरी सांगत आहे, की घरी वारंवार घडणारी गोष्ट सांगत आहे, हे क्रियापदाच्या रूपावरून ठरविता येत नाही. याउलट 'मग त्यानं दार लावलं' असे भूतकाळी रूप मध्येच आले म्हणजे ते खरेच असले पाहिजे असेही नाही; गोष्ट रंगात आली की मुले काळ बदलतात. रूप संदिग्ध आहे आणि ते संदिग्ध आहे असेच नोंदविले पाहिजे. हे वाक्य इंग्रजीत नेताना भाषांतरकर्ता एकच अर्थ निवडतो, आणि पुढे त्या निवडीलाच पुरावा समजले जाते.

दुसरे साधन लिंगाचे. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदावर बोलणाऱ्याचे लिंग उमटते, त्यामुळे भातुकलीत आई झालेला मुलगा 'मी आले, आता भाकरी टाकते' म्हणतो, आणि तोल सुटला की 'मी आलो' म्हणतो. भूमिकेत मूल कोठवर आहे आणि कोठे बाहेर पडले याची ही नोंद फार थोड्या भाषांत इतकी सहज मिळते. अर्थात तिच्याही मर्यादा आहेत. सकर्मक भूतकाळात कर्त्याचे लिंग लोपते. 'मी भात केला' हे मुलगा व मुलगी सारखेच म्हणतात. शिवाय बोलीभेद आड येतो. ग्रामीण मुलींच्या तोंडी 'मी करती' असते, कोल्हापूरकडील मुली 'मी आलो' म्हणतात. ते भूमिकेचे स्खलन समजणे म्हणजे स्वतःच्या प्रमाणभाषेचा अहंकार होय.

तिसरी गोष्ट मनोव्यापारवाचक शब्दांची. भीती, राग, दुःख, हवेसे-नकोसे वाटणे यांचे शब्द मूल साधारणतः दीड-दोन वर्षांपासून बोलू लागते. मार्जरी बीली आणि दान्ते सिकेटी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, छळ वा हेळसांड सोसलेली अडीच वर्षांच्या सुमाराची मुले असे शब्द कमी वापरतात, आणि विशेषतः नकारात्मक भावनांविषयी कमी बोलतात. त्यापूर्वी १९८९ मध्ये वेंडी कॉस्टर व सहकाऱ्यांना अशा मुलांची वाक्ये आखूड आढळली होती, स्वतःविषयीचे बोलणे कमी आणि समोर नसलेल्या गोष्टीविषयीचे त्याहूनही कमी. याचे कारण समजण्यास कठीण नाही. 'मला भीती वाटते' असे म्हटल्यावर ज्याला जवळ घेतले जाते तो ते पुन्हा म्हणतो. ज्याला 'रडायला काय झालं' म्हणून आणखी एक फटका मिळतो तो म्हणावयाचे सोडतो. मराठीत असे शब्द मोजावयाचे झाल्यास इंग्रजी यादी भाषांतरित करून चालणार नाही. आपल्याकडे भावना बहुधा चतुर्थीत येते: मला राग येतो, मला कसंतरी होतं. कित्येकदा ती शरीरावर ढकललेली असते. 'माझं पोट दुखतं' हे शाळेला जाताना म्हटलेले वाक्य पोटाविषयी असेलच असे नाही. ही वाक्ये यादीत धरावयाची की नाहीत याचा निर्णय आधी केल्याखेरीज मोजणीला अर्थ नाही.

मुख्य मुद्द्यावर आणखी एका अभ्यासाचा प्रकाश पडतो, आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात तोच सर्वांत मोलाचा ठरतो. मेरी मेन आणि कॅरल जॉर्ज यांनी १९८५ साली पाळणाघरातील एक ते तीन वर्षांची वीस मुले पाहिली. दहा मारहाण झालेल्या घरांतील, दहा तितक्याच ओढग्रस्त पण मारहाण नसलेल्या घरांतील. सवंगडी रडू लागला की दुसऱ्या गटातील मुले थबकून पाहत, कष्टी होत, काही जवळ जात. पहिल्या गटातील एकाही मुलाने कणव दाखविली नाही; ती घाबरली, चिडली किंवा रडणाऱ्यालाच मारू लागली. काहींनी थोपटावयास सुरुवात केली आणि थोपटणे हळूहळू मारण्यात बदलत गेले. संख्या लहान आहे हे खरे. पण तुलना नेमकी आहे. गरिबी दोन्हीकडे होती. पुढे १९९१ साली स्टीव्हन अलेसांद्री यांनाही शाळापूर्व वयाच्या छळग्रस्त मुलांचा खेळ तुलनेने कमी, कमी गुंतागुंतीचा आणि सवंगड्यांशी जमवून घेण्यात उणा आढळला.

गरिबी व छळ यांची गल्लत करण्याचा मोह या जिल्ह्यात पावलोपावली होतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या पाटपाण्यावरचा ऊस आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना. दक्षिणेस व पूर्वेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतकडचा अवर्षणाचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे तिकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. लेकरे सोबत जातात, किंवा गावी आजीपाशी राहतात. फडाशेजारच्या कोपीपुढे नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन वाढ्यांच्या भाऱ्यावर लक्ष ठेवीत बसलेली असते. ती भातुकली खेळत नाही, कारण ती तीच खऱ्याने करीत असते. तिचा खेळ कमी दिसला म्हणून तिच्यावर अत्याचार होत आहेत असे म्हणणे हा त्या आईबापांवर अन्याय होईल. आणि तिचे बालपण हिरावले जात आहे हे सत्य म्हणून नाकारताही येणार नाही. तो प्रश्न मजुरीच्या रचनेचा आहे, आईच्या मायेचा नव्हे. याच कोप्यांच्या आसपास ज्वारीच्या धाटांच्या गाड्या आणि चिखलाचे बैल करून मुले तासन्‌तास रमतात हेही कोणाच्या दृष्टीस पडत नाही असे नाही. साधने नसल्याने खेळ अडत नाही. मोठ्यांची दहशत असली म्हणजे मात्र तो अडतो.

दहशतीने खेळ थांबतो ही गोष्ट मनुष्यापुरती नाही. याक पांक्सेप यांनी प्रयोगशाळेत खेळणाऱ्या उंदरांच्या पिलांपुढे मांजराचे थोडेसे केस ठेवले. त्या पिलांनी आयुष्यात मांजर पाहिले नव्हते. तरी त्यांचा खेळ तत्क्षणी बंद पडला, आणि केस काढून घेतल्यावरही कित्येक दिवस पूर्ववत झाला नाही.

खऱ्या छळाच्या खुणा अंगावर व मनावर घेऊन आलेल्या मुलांचा सांभाळ या जिल्ह्यात संस्थात्मक रीतीने होत आला आहे. गिरीश कुलकर्णी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नगर शहरात 'स्नेहालय' सुरू केले ते देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी, पुढे एच.आय.व्ही.बाधित व अत्याचारपीडित मुलांपर्यंत ते काम विस्तारले. अशा घरांतून काम करणाऱ्या व्यक्तींना जे रोज दिसते ते विद्यापीठांतील अभ्यासकांच्या दृष्टीस क्वचित पडते. तेथील बोलणे कान देऊन ऐकण्याची इच्छा एखाद्या भाषाभ्यासकास झाली तर ती स्वाभाविक आहे. पण मुलांना आणखी एका अनोळखी माणसापुढे बसविण्याची किंमत मुलांनाच मोजावी लागते, हे त्याने आधी स्वतःशी मान्य करावे.

वाचन चुकले म्हणजे काय होते याचे उदाहरण कॅलिफोर्नियातच आहे. मॅनहॅटन बीच येथील मॅकमार्टिन बालशाळेविरुद्ध १९८३ साली आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती बाहुल्या व हातमोजांची पात्रे वापरून घेण्यात आल्या. प्रश्नांतूनच उत्तरे सुचविली जात होती, आणि मुले ती देत गेली. खटला १९९० पर्यंत चालला. एकही दोषसिद्धी झाली नाही. त्यात निरपराधांची आयुष्ये गेली हे एक. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत कदाचित काही घडलेही असेल, त्यांचे सत्यही त्या गदारोळात कायमचे हरवले, हे दुसरे. खेळातील मारहाण ही मारहाणीचा पुरावा मानली तर महाराष्ट्रातील यच्चयावत मुले पीडित ठरतील, कारण शाळा-शाळा खेळताना मास्तर झालेला प्रत्येक मुलगा छडी उगारतो. शाळेतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे; खेळातील मास्तरांनी तो कायदा अद्याप वाचलेला दिसत नाही. पाहावयाचे ते छडी आहे की नाही हे नव्हे. मास्तर मध्येच हसतो का, विद्यार्थी पाळी बदलून मास्तर होऊ शकतो का, छडी खाल्लेला 'नाही लागली' म्हणतो का, टाइम्प्लीज चालते का, हे पाहावयाचे.

या ठिकाणी मराठी प्रश्नरचनेचा विचार आवश्यक ठरतो. 'त्यांनी मारलं ना?' यातील 'ना' उत्तर सांगूनच टाकतो. 'कोणी मारलं?' हा प्रश्न वरकरणी मोकळा, पण मारले हे त्यात गृहीत आहे. 'मारलं का?' हा त्यातल्या त्यात बरा, तरी शब्द विचारणाऱ्याचाच. सर्वांत निरुपद्रवी प्रश्न मराठीत एका शब्दाचा आहे: 'मग?' गोष्ट ऐकणारी आजी तो वापरते. मायकेल लॅम व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बालसाक्षीदारांच्या मुलाखतीची जी पद्धती बसविली, तिचाही भर मुलाला आपल्या शब्दांत पुढे सांगू देण्यावरच आहे. 'मग?' मध्ये 'तू जे म्हणालास ते मी ऐकले' एवढेच गृहीत असते.

कायद्याने या बाबतीत भाषेला दिलेले स्थान विद्यार्थ्यांनी मूळ कलमांतून वाचावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. बालकाचे निवेदन बालक बोलेल तसे नोंदवावे असे कलम २६ सांगते, आणि आवश्यक तेथे भाषांतरकार वा दुभाषी घ्यावा अशी तरतूद करते. अकोल्याच्या डोंगरांतील ठाकर मुलाची बोली, किंवा घरात पारधी बोलणाऱ्या मुलीची भाषा, ही शाळेतल्या मराठीहून इतकी वेगळी असते की तिचे मौन हे आघाताचे आहे की भाषेचे, हे तिच्या भाषेत कोणी 'मग?' विचारल्यावाचून समजणार नाही. अशी मुले वर्गात गप्प असतात, आणि घरच्या अंगणात त्यांचा आवाज ऐकून शिक्षक चकित होतात, हा अनुभव विरळा नाही. उलट, मौनाचे कारण नेहमी बोलीतच शोधणारा भाषाभ्यासकही चुकू शकतो. 'बालकाने बोलल्याप्रमाणे' या शब्दांचा अर्थ मग लिपी, बोली, काळरूपे, थबकणे, अर्धे सोडलेले वाक्य, या सर्वांपर्यंत जातो. 'मग तो दार लावतो' हे वाक्य 'त्याने दार लावले' असे सुधारून लिहिणे हा शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही.

प्रश्न किती व्यापक आहे याची कल्पना केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालावरून यावी. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि दोन-तृतीयांशाहून अधिक मुलांनी शारीरिक मारहाण. पाहणीत संस्थांत, रस्त्यावर व कामावर असलेली मुले मुद्दाम घेतलेली होती, म्हणून ही टक्केवारी सर्व देशाला जशीच्या तशी लावता येत नाही. ती निम्मी केली तरी बालभाषेचे नमुने गोळा करणाऱ्या संशोधकाच्या ध्वनिफितीत असे मूल कधी येणारच नाही, असे समजण्यास जागा उरत नाही.

आणि ते आले तर काय करावयाचे, हे ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी ठरलेले असावे. वरील अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे, अपराध घडला आहे वा घडण्याचा संभव आहे असे ज्याला कळते त्याने ते विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. अपराध घडल्याचे न कळविल्यास कलम २१ अन्वये शिक्षा आहे. संशोधकाला यातून सूट नाही. सहभागी व्यक्तीचे बोलणे गुप्त राखण्याचे जे वचन संमतिपत्रात नेहमी छापलेले असते, ते मुलांच्या बाबतीत जसेच्या तसे देता येत नाही, आणि द्यावयाचे नसेल तर आधी, मुलाला व पालकांना समजेल अशा मराठीत, तसे सांगावे लागते. १०९८ हा बालसाहाय्य दूरध्वनी संशोधकाच्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर असावा. मुलाचे नाव, गाव, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील लिप्यंतरात राहता कामा नये. लहान गावात बोलीचे एखादे वैशिष्ट्यही ओळख पटवावयास पुरते, म्हणून तेही तपासावे. खेळ चालू असताना मुलाला थांबवून उलटतपासणी घेणे सर्वस्वी वर्ज्य. शब्द आहेत तसे लिहावेत, रूप संदिग्ध असेल तेथे समासात 'संदिग्ध' अशी खूण करावी, आपण काही विचारले असल्यास तो प्रश्न शब्दशः नोंदवावा, आणि ती नोंद ज्यांना अशा मुलांशी बोलण्याचे शिक्षण मिळालेले आहे त्यांच्या हाती त्याच दिवशी द्यावी.